कन्नडचा एजंट आणि साताऱ्याचीं पत्रें

चाळीसगांवाहून कन्नडला येतांना जो घाट चढावा लागतो, त्याला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम यानें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवास होतें. कन्नडास बसे तो दुसराच अधिकारी, ओव्हान्स. घाटाला नांव मात्र औट्रमचें मिळालें! इतिहास असा पक्षपात पुष्कळदां करतो.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं १८२५ सालीं खानदेशांत तीन भिल्ल एजन्स्या स्थापन केल्या. त्यांपैकीं सातमाळ्याच्या डोंगरपट्ट्याची एजन्सी कन्नडची. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमींत आणि १८०३-०४ च्या दुष्काळांत गांवचे जागलेच वाटमारीला लागले होते. तेव्हां घाटांतल्या वाटसरूची भीति खोटी नव्हती, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. वस्त्यांवर नजर ठेवणें, नाईकांचे हक्क तपासणें, तंटे तोडणें हीं एजंटाचीं कामें. परंतु नजरेबरोबर हातहि पुढें होता. मागले गुन्हे माफ, वीस वर्षें बिनसाऱ्याची जमीन, बीं-बैलांसाठीं तगाई. ज्याच्यावर पहारा होता, त्याला पहारेकऱ्याचें तोंड ठाऊक होतें आणि माफीची वाटहि ठाऊक होती. सरकार दयाळू होतें म्हणून नव्हे. लढाईपेक्षां हें स्वस्त पडे.

हेच ओव्हान्स १८३७ सालीं साताऱ्याचे रेसिडेंट झाले. तेथें लुटारू नव्हते; प्रतापसिंह महाराज होते. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा त्यांच्यावर आरोप आला, आणि पुरावा म्हणून पुढें आलीं तीं पत्रें व खबऱ्यांच्या जबान्या. पैसे देऊन कागद मिळविले, कांहीं बनावट होते, ही तक्रार पार विलायतेपर्यंत गाजली. महाराजांचें मागणें एवढेंच होतें कीं उघड चौकशी करा. ती झाली नाहीं. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांना पदच्युत केलें गेलें. रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्यें त्यांची दाद मागत राहिले. महाराज मात्र १८४७ मध्येंच काशीस वारले होते. मला वाटतें, कन्नड आणि सातारा यांतलें अंतर मैलांत मोजण्याजोगें नाहीं. अधिकारी तोच, खबऱ्यांची रीतहि बहुधा तीच. पण साताऱ्यास आरोपीला आपल्याविरुद्धचा कागद तपासून घेण्याची सोयच ठेविली नव्हती.

पुढें १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें हीच गैरसोय सबंध जातींना लागू केली. सरकारनें जमात गुन्हेगार ठरविली, कीं त्या जाहीरनाम्यावर कोणत्याहि कोर्टाला शंका घेतां येत नसे. नोंद, हजेरी, पुढें बोटांचे ठसे, जन्मतःच पहारा! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला.

आज पत्रांची जागा टेलिफोननें घेतली आहे, आणि घातपात टाळावयाचा तर कांहीं संभाषणें सरकारला ऐकावीं लागतात, हेंहि खरें. मुंबईनें २००८ सालीं काय सोसलें तें आपण विसरलेलों नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं टेलिफोनवरील बोलणें खाजगी हक्कांत धरलें आणि प्रत्येक हुकूम तपासण्यास समिति नेमावयास लाविली. त्या समितींत आजहि बसतात ते सचिवच. हुकूम देणारेहि सचिव. ज्याचें बोलणें ऐकलें जातें, त्याला तें कळविण्याची तरतूद नाहीं.