मुक्ता साळवे यांचा निबंध आणि आजच्या निबंध स्पर्धा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. त्या घटनेची आठवण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरवला. त्यानिमित्त शाळांमधून निबंध स्पर्धा होतात. पाठोपाठ २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन येतो. सामाजिक न्यायावर मुलांनी लिहावे, यासाठी हे दिवस महत्त्वाचे आहेत.

पहिला आदर्श

या लेखनाचा आदर्श आपल्याकडे १८५५ पासून आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्यांनी थेट देवालाच विचारला. इमारतींच्या पायात माणसे पुरल्याचे त्यांनी लिहिले. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल मांडले आणि शेवटी आपल्या बांधवांना शिकण्याचे आवाहन केले. जे स्वतःच्या वस्तीत दिसले, ऐकले, तेच त्यांनी लिहिले. म्हणून तो निबंध आजही टिकून आहे.

आज काय होते?

हरिहरेश्वर-श्रीवर्धन परिसरात काम करताना अशा स्पर्धांचे निबंध मी तपासले आहेत. बहुतेकांची सुरुवात सारखी, मजकूर मोबाईलवरून उतरवलेला. बक्षीस सुवाच्य अक्षराला जाते. वीटभट्टीवर आई-वडिलांबरोबर गेल्याने शाळा बुडालेली कातकरी मुलगी त्या निबंधांत कुठेच नसते. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे खुले करण्यासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, त्याच जिल्ह्यातील मुलांनी आपल्या वाडीच्या पाण्याविषयी एक ओळही लिहू नये, याला जबाबदार आपण मोठी माणसे आहोत.

मंडळांसाठी सूचना

१. विषय वाडीतला द्यावा : आमची विहीर, आमचा रस्ता, शाळा सोडलेला मित्र.

२. स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाशी बोलून मिळालेली माहिती निबंधात असावी. पीडित व्यक्तीचे नाव लिहू नये.

३. त्या गोष्टीशी संबंधित संविधानाचे कलम मुलांनी शोधावे. विहिरी-तलावांसाठी कलम १५(२), अस्पृश्यतेसाठी १७, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणासाठी २१-क.

४. निम्मे गुण निरीक्षणाला द्यावेत.

५. बक्षीस म्हणून पुस्तके द्यावीत आणि निवडक निबंध १० डिसेंबरला गावासमोर वाचावेत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. मुलाने लिहिलेला प्रश्न गावाने ऐकला आणि त्यावर काही केले, तरच त्या बक्षिसाला अर्थ आहे.