मातीतील तंतू आणि लेण्यांचा गिलावा

अजिंठ्याच्या चित्रांविषयी विपुल लिहिले गेले आहे; ती चित्रे ज्या मातीने तोलून धरली आहेत, तिच्याविषयी मात्र फारच थोडे. तेथे रंग थेट खडकावर दिलेला नाही. टाकीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा चढविला गेला आणि त्या मातीत भाताचे तूस, गवत व वनस्पतींचे तंतू कालविले गेले.

हे कशासाठी? चिकणमाती दाब सोसते, ताण सोसत नाही. वाळताना ती आकसते आणि भेगाळते. तंतू असले म्हणजे ते भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. एका रुंद भेगेऐवजी अनेक बारीक भेगा पडतात व थर सहसा सुटून पडत नाही. चिखलात पेंढा तुडवून भिंत घालणाऱ्या खेडुताला हे शिकवावे लागत नाही.

विनयपिटकालाही ही विद्या परिचित आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात, खरबरीत भिंतीवर पांढरा रंग बसत नाही, ही अडचण तथागतांपुढे येते. तुसाचा लेप द्यावा, थापीने सारखा करावा आणि मग रंग चढवावा, अशी अनुज्ञा ते देतात. गेरूसाठी कोंडा मिसळलेली माती, काळ्या रंगासाठी गांडुळांची माती, इतका बारीक तपशील तेथे आहे. गवंड्याच्या हातचे ज्ञान शास्त्याने धम्मविनयाच्या बाहेरचे मानले नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख मात्र वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे दातृत्व गौरवितो. गिलावा करणाऱ्यांविषयी तो मौन पाळतो. त्यांच्या कौशल्याची साक्ष मातीतच शोधावी लागते.

अशी एक साक्ष वेरूळला मिळाली. तंतूंचा मोठा दोष हा, की ते कुजतात व कीटकांचे भक्ष्य होतात. अजिंठ्याच्या गिलाव्याची अशी हानी झालेली आहे. पुरातत्त्वज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यातील तंतू भांगेच्या झाडाचे असल्याचे दाखविले. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना भांग आढळली नाही. वेरूळचा गिलावा किडीपासून बचावला तो या भांगेमुळे, असे त्यांचे मत आहे.