खुळखुळा, पिपाणी आणि बटणांचा पियानो

लहान मुलाच्या हातात पहिलं वाद्य कोणी दिलं, असं विचारलं तर आपण लगेच राजदरबार आणि घराणी आठवू लागतो. खरं उत्तर कुंभाराच्या भट्टीत सापडतं. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या उत्खननांत भाजलेल्या मातीचे छोटे पोकळ गोळे मिळाले. त्यांच्या आत मातीच्याच बारीक गोळ्या आहेत. हलवलं की वाजतात. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे खुळखुळे आज संग्रहालयात काचेमागे ठेवलेले असले, तरी ते कशासाठी आहेत हे कोणत्याही आईला सांगावं लागत नाही.

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यानेही खुळखुळ्याची दखल घेतली आहे. राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की आर्किटासचा खुळखुळा ही चांगली युक्ती आहे. तो हातात असला की मूल घरातल्या वस्तूंची मोडतोड करत नाही, कारण लहान मुलाला स्वस्थ बसवतच नाही. पुढे तो असंही सुचवतो की मूल मोठं झालं की शिक्षण हाच त्याचा खुळखुळा. शिक्षकाच्या पेशात इतकी वर्षं घालवल्यावर मला हे वाक्य एखाद्या शासकीय परिपत्रकापेक्षा जास्त कामाचं वाटतं.

हा विषय आज घेण्याचं कारण पालक आहेत. आमच्या परंदवडीच्या आसपास, सोमाटणे-तळेगावच्या पट्ट्यात, शेताच्या बांधाला लागून इमारती उभ्या राहिल्या. कंपनीत कामाला जाणारा बाप आणि अजून भातलावणी करणारा बाप, दोघांचीही मुलं बालवाडीत शेजारी बसतात. उर्दूवाले मला आपा म्हणतात, मराठीवाले बाई. प्रश्न मात्र दोघांचा एकच असतो. "पोराला वाजवायला काय घेऊ?" आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू असते: रंगीत बटणांचा, दिवे लागणारा, सेलवर चालणारा प्लास्टिकचा पियानो. तो घेण्याआधी थोडा इतिहास पाहू या.

आपल्या मावळात संगीताची खूण फार जुनी आहे. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, इसवी सनाच्या आधीच्या शिल्पांमध्ये, ताल धरणारी एक वादक स्त्री आणि तिच्याजवळ नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. ते मोठ्यांचं संगीत. लहानांचं संगीत दगडात कोरलं गेलं नाही, ते रानात राहिलं. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावर पिवळ्या फुलांची एक झुडपं दिसतात, त्यांच्या शेंगा वाळल्या की आतलं बी सुटतं आणि वाऱ्याने खुळखुळ वाजतं. मराठीत त्या झाडाला नावच खुळखुळा किंवा घागरी असं आहे. शास्त्रज्ञांनी या कुळाला क्रोटालेरिया हे नाव दिलं, तेही ग्रीक भाषेतल्या वाजवायच्या टाळीवरून. मावळातला गुराखी पोरगा आणि युरोपातला वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या कानांनी एकच गोष्ट ऐकली.

रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पुंगी, पपईच्या पानाच्या देठाची पिपाणी, शिरीषाच्या वाळल्या शेंगा ही सगळी फुकटची वाद्यं. विकत मिळणारी जत्रेत असायची: डमरू, शिट्टी, पिपाणी, आणि दोरीने ओढली की मातीच्या वाटीवर ताणलेल्या कागदावर दोन काड्या टपटप वाजू लागतात अशी गाडी. घरात घुंगूरवाळे आणि पांगुळगाडा. देहू-आळंदीच्या जवळ असल्याने इथे आणखी एक शाळा होती, ती म्हणजे भजनाची. हरिपाठात आजोबांच्या मांडीशी बसलेल्या पोराच्या हातात छोटे टाळ दिले जात. त्याला कोणी ताल शिकवत नसे. दहाजणांच्या टाळात आपला टाळ चुकला की ते त्याचं त्यालाच कळे.

पण हे चित्र फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नाद सगळ्यांच्या वाट्याला होता, वाद्य मात्र नव्हतं. सतार, सारंगी, तबला हे शिकायचं तर कलावंताच्या घरात जन्म घ्यावा लागे, नाहीतर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राबावं लागे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, कारागिराच्या पोराला खेळण्यापर्यंतच मुभा होती. ही भिंत हळूहळू पडली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली आणि लिहून शिकवता येईल अशी स्वरलिपी तयार केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं घराण्यातून वर्गात आलं.

याच काळात मिरजेत दुसरी एक गोष्ट घडून गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारी आणि इतर हत्यारं करणाऱ्या शिकलगारांचं काम इंग्रजी अमलात संपत चाललं होतं. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. त्यांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने हत्याराची हातोटी तंतुवाद्यांकडे वळवली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे आणून, वाळवून, कापून त्यांचे तंबोरे आणि सतारी होऊ लागल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि तिथल्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांची कबर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यार करणारे हात वाद्य करू लागले, यापेक्षा मोठा धडा माझ्या वर्गात मला सांगता येत नाही.

आता लहान मुलांकडे येऊ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांत घंटांचा एक संच आहे. सगळ्या घंटा आकाराने सारख्या, फरक फक्त स्वरात. मुलाने वाजवून, ऐकून जोड्या लावायच्या. डोळ्यांची मदत काढून घेतली की कान कामाला लागतात, हे त्यामागचं साधं तत्त्व. दुसरं साधन आवाजाच्या डब्यांचं: बंद डब्यांत वेगवेगळे दाणे, हलवून सारख्या आवाजाची जोडी शोधायची. १९३९ मध्ये मॉन्टेसरीबाई भारतात आल्या, महायुद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या, आणि त्यांच्या पद्धतीला इथे मोठा वर्ग मिळाला. अडचण एकच होती. साधनं महाग होती, आणि ती शहरातल्या सुखवस्तू घरांच्या शाळांतच पोचत होती.

ही अडचण ओळखली ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा मार्ग. आणि साधनं? शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, माती. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मध्ये. तिथे वाद्य बाहेरून आणायची गरजच नव्हती. वारल्यांचा तारपा वाळलेल्या भोपळ्याचा आणि बांबूचा असतो. मिरजेच्या सतारीत जो भोपळा दरबारापुढे बसला, तोच भोपळा तारप्यात पाड्यावर नाचला. फरक भोपळ्यात नव्हता, मान कोणाला मिळाला यात होता. ताराबाईंचा निर्णय काटकसरीतून आला असेल, पण त्याचा अर्थ काटकसरीपुरता नाही. तुझ्या आजूबाजूला जे आहे त्यातूनच तू शिकू शकतोस, असं गरिबाच्या मुलाला सांगणारी ती गोष्ट आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी गेला, त्याच्या मुळाशी अशी कामं आहेत.

पट्ट्यांच्या वाद्यांचा इतिहासही पाहिला पाहिजे, कारण आजचा पालक तिथेच अडकतो. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला निघालं, आणि आपल्याकडे येऊन ती हाताच्या भात्याची पेटी झाली. तिच्या ठरलेल्या स्वरांत मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, या कारणाने आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला बाहेर ठेवलं. भजनाने, कव्वालीने आणि नाट्यसंगीताने मात्र ती सोडली नाही. दुसरी गंमत बेंजोची. मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो ते अमेरिकेतलं वाद्य नाही. जपानमध्ये १९१२ च्या सुमारास तैशोगोतो नावाचं टाइपरायटरसारख्या कळांचं स्वस्त तंतुवाद्य निघालं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, कराचीकडे बलुची लोकांनी त्याला बेंजू म्हटलं, आणि महाराष्ट्रात गणपती, लग्न, उरूस, संदल सगळीकडे बेंजो पार्टीत ते वाजू लागलं. खेळण्यासारखी हलकी समजली गेलेली वस्तू माणसांनी मन लावून वाजवली, तेव्हा तिचं वाद्य झालं.

यातूनच मला निवडीची कसोटी मिळते. वस्तू स्वस्त की महाग, देशी की परदेशी, लाकडी की प्लास्टिकची, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा: मुलाने हात बदलला तर आवाज बदलतो का? खुळखुळा हळू हलवला की हळू वाजतो. डफलीवर बोटाने मारलं की एक, तळव्याने मारलं की दुसरा. पिपाणीत फुंकर कमी झाली की स्वर पडतो. बटणाच्या पियानोत मुलाने बोट लावलं काय आणि कोपर टेकवलं काय, आत भरलेलं तेच गाणं तितक्याच जोरात वाजतं. वाजवणारा कारखाना, मूल फक्त कळ दाबणारं. म्हणजे वाद्य सगळ्यांच्या हाती आलं असं आपल्याला वाटतं, आणि वाजवणं तेवढं काढून घेतलेलं असतं.

दुसरा प्रश्न स्वराचा. धातूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांचं खेळणं घ्यायचं तर आधी दुकानातच पेटीशी किंवा फोनवरच्या स्वराशी ताडून पाहावं. बेसूर पट्ट्या रोज ऐकून कानाला तीच सवय लागते. सुरात नसेल तर ते घेऊ नये. तालाचं वाद्य घ्यावं, त्यात हा धोका नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत पट्ट्या काढता येतात. मुलापुढे आधी दोन-तीनच पट्ट्या ठेवायच्या, सरावल्यावर वाढवायच्या. शहाणपण कमी देण्यात आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. चिन्ह असो वा नसो, तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटणारे घुंगरू, मणी, सहज उघडणारं सेलचं झाकण पाहावंच. आणि खेळणं स्वतःच्या कानाशी धरून वाजवावं. आपल्याला त्रास झाला तर मुलाला जास्त होणार, कारण ते खेळणं तोंडाशी आणि कानाशीच नेणार आहे.

आमच्या समाजातल्या काही घरांत वाद्याचं नाव काढलं की चेहरे बदलतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. लग्न आणि ईदच्या आनंदाला दफ चालतो हे बहुतेकांना मान्य असतं, आणि ज्यांना तोही नको त्यांच्याकडे टाळी आहे, लोरी आहे, नज्म आहे. मूल लयीत बोलायला शिकलं तर त्याला वाचायला शिकवताना माझं अर्धं काम झालेलं असतं, मग ते मराठी बडबडगीत असो की उर्दू नज्म.

खर्चच करायचा नसेल त्यांच्यासाठी पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांची एक युक्ती आहे. शरबताची नळी घ्या, एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापा, तोंडात धरून फुंका. पिपाणी वाजते. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने थोडी थोडी कापत जा, स्वर चढत जातो. नळी आखूड तर स्वर उंच, हे विज्ञान पाचव्या वर्षीच्या कानाला एका मिनिटात कळतं. कात्री अर्थात मोठ्यांच्या हातात.

आणि डब्यांचा खेळ तर आजच करता येईल. सारखे सहा छोटे डबे घ्या. दोनांत तांदूळ, दोनांत तुरीची डाळ, दोनांत वाळू. झाकणं चिकटवून टाका आणि मुलाला जोड्या लावायला सांगा. मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये केलेलं, ताराबाईंनी बोर्डीत देशी करून दाखवलेलं हे शिक्षण मावळच्या इंद्रायणी तांदळावरही तितकंच चालतं. मूल डबा कानाशी नेऊन क्षणभर थांबेल, तेव्हा मध्ये बोलू नका. ते ऐकत असतं.