कुरणातली शाळा

शाळा म्हटली की आपल्या समाजाला आधी तिचे दार आठवते. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसले, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आपली लढाई आत जाऊन बसण्याची होती. पण याच कोकणपट्टीत अशीही मुले होती, की दार उघडे ठेवले तरी त्यांना तिथवर पोचता येत नव्हते. त्यांची हकीगत या स्मरणिकेत सांगतो.

आपल्या श्रीवर्धनसारखेच समुद्रकाठचे गाव बोर्डी, पार उत्तरेला, गुजरातच्या हद्दीजवळ. तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. किनाऱ्याला वाड्या-बागा आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. जमीन सावकाराची, राबणारा वारली. लग्नाला कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराकडे वेठीला. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे ठरले. गोदावरी व शामराव परुळेकर पुढे होते. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. एक काम लाल बावट्याचे, दुसरे शिक्षणवाल्या मंडळींचे. विचार वेगळे, माणसे वेगळी. पण पाठ ताठ झाल्याशिवाय हातात पाटी टिकत नाही, असे मला तरी वाटते.

ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला होता, शहरात नाव होते. सोबतीला आल्या अनुताई वाघ, बालपणीच वैधव्य आलेल्या, पस्तिशीच्या शिक्षिका.

बालवाडी निघाली, पण मुले काही येईनात. आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून मोकळे होता आले असते. या बाया पाड्यावर गेल्या आणि काय दिसले? पोरगा गुरांमागे, पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मग पाड्यातल्याच एखाद्या अंगणात वर्ग भरवला. तीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, अक्षर नंतर. माँटेसरीची विकतची साधने परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने घेतली. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जायचा, तिला नावच पडले कुरणशाळा. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग. पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ ठेवली. तिला विकासवाडी म्हणत. पोरीने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात जाऊन बसायचे.

आम्ही गिरणीतली माणसं. पाळी बदलली की आमची झोप बदलायची, गिरणी आमच्यासाठी कधी थांबली नाही. इथे मात्र शाळेनेच पोरांची पाळी बघून आपली वेळ बदलली. मला हे फार मोठे वाटते, त्याला कारणही आहे. माझी थोरली बहीण शाळेत गेली नाही. आई मजुरीला, आणि कडेवरचे पोर सांभाळायला घरात दुसरे कोणी नाही. ते कडेवरचे पोर म्हणजे मी.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात ३३ ठिकाणी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचले. अनुताई मात्र १९९२ साली मृत्यू येईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या.

आपल्या रायगडात कातकऱ्यांची कुटुंबे दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबरच असतात. भट्टीवर आईबाप विटा पाडतात, आणि थोरली पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन तिथेच उभी असते.