परस्परगुंफित जोखीम : पुणे–नाशिक रेल्वेमार्ग आणि चाकण पट्टा

मोठ्या रेल्वे बांधकामात एका घटकापाशी उद्भवून जमीन, परवानगी, करार किंवा पैसा यांच्या वाटेने दुसऱ्यांवर जाऊन पडणारी जोखीम. हे घटक म्हणजे रेल्वे मंत्रालय, राज्य शासन, बांधकाम महामंडळ, कर्ज देणाऱ्या बँका, ठेकेदार, जिल्हा प्रशासन, जमीनमालक, प्रवासी आणि मालवाहतूकदार. त्यांना सरसकट ‘भागधारक’ म्हणण्याची रीत आहे. पण ज्याच्या शेतातून रूळ जातो, त्याचा प्रकल्पात कसलाही भाग नसतो. म्हणून येथे ‘हितसंबंधी’ हा शब्द वापरला आहे.

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे हे या गुंफणीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त ‘महारेल’ कंपनीने सुमारे २३५ किमी. दुहेरी मार्गाचा आराखडा केला. अंदाजित खर्च १६,००० कोटी रुपयांच्या घरात होता. केंद्र २० टक्के, राज्य २० टक्के आणि उरलेले ६० टक्के कर्ज व भांडवल बाजारातून, अशी विभागणी होती. हडपसर, वाघोली, आळंदी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी मार्गाची आखणी होती. चाकणला रेल्वे नाही. तेथील कारखान्यांचा कच्चा माल आणि तयार वाहने रस्त्यानेच ये-जा करतात, पुणे–नाशिक महामार्गावर तळेगाव चौकात तासन्‌तास कोंडी होते. त्यामुळे या मार्गाकडे कारखानदार आणि कामगार दोघेही डोळे लावून होते.

नारायणगावजवळ खोडद येथे मात्र ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किमी.पर्यंत पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ती टिपते. वीजवाहक तार आणि इंजिनावरचा पँटोग्राफ यांच्यात उडणारी ठिणगी, गाडीतील विद्युत उपकरणे, संदेशवहनाचे रेडिओ या सर्वांचा गोंगाट तिच्या कामात शिरू शकतो. दुर्बिणीच्या निरीक्षणांना बाधा येईल, या कारणाने रेल्वे मंत्रालयाने हा मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डी–अहिल्यानगरकडून जाणाऱ्या पर्यायाचा विचार पुढे आणला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागांतून मूळ मार्गासाठी आंदोलने झाली.

दुर्बीण नवी नव्हती. तिच्या आसपास उद्योगांवरही निर्बंध आहेत. तरीही रेडिओ गोंगाटाचा प्रश्न निकाली निघण्याआधीच खेड, हवेली, सिन्नर तालुक्यांत मोजणी झाली, सिन्नरमध्ये थेट खरेदीची खरेदीखतेही झाली. क्रम उलटा पडला, हा या प्रकरणातील खरा दोष. मोजणी झालेल्या शेतात विहीर खणावी की नाही, बाग लावावी की नाही, हा निर्णय मग अडून राहतो. त्याची किंमत कुठल्याच प्रकल्प अहवालात दिसत नाही.

चाकण ज्यात येते त्या खेड तालुक्यावर अशी टांगती तलवार पहिल्यांदाच आली नव्हती. औद्योगिक वसाहतीचे टप्पे, विशेष आर्थिक क्षेत्र, वर्तुळाकार रस्ता आणि पुढे पुरंदरकडे गेलेला विमानतळ या सर्वांसाठी याच तालुक्याकडे बोट दाखवले गेले. प्रत्येक यंत्रणा आपापली फाइल स्वतंत्र चालवते. शेतकऱ्याला मात्र त्या सगळ्या एकाच सातबाऱ्यावर दिसतात. रेल्वेला होणारा त्याचा विरोध समजून घेताना आधीच्या प्रकल्पांचा अनुभव वगळता येत नाही.

अशी गुंफण मोजण्यासाठी तक्ता मांडतात. उभ्या-आडव्या रकान्यांत ‘कोण आणि त्याची कोणती जोखीम’ अशा जोड्या लिहून एकीमुळे दुसरी किती बळावते, याला गुण देतात आणि तो परिणाम एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्या बाणाने दाखवतात. जिच्यापासून सर्वाधिक बाण निघतात ती जोखीम आधी सोडवायची. जिच्याकडे बाण नुसतेच येतात तिला संरक्षण द्यायचे. वरील उदाहरणात पहिल्या जागी दुर्बीण, दुसऱ्या जागी शेतकरी. काही वेळा दोन जोखमी एकमेकींकडे बाण रोखतात. लंडनच्या एलिझाबेथ रेल्वेमार्गाची मध्यवर्ती बोगद्यातील सेवा डिसेंबर २०१८ ऐवजी मे २०२२ मध्ये सुरू झाली. तेथे स्थानकांची अपुरी कामे आणि सिग्नल यंत्रणेची जुळणी यांनी एकमेकांना अडवले होते.

पिंपरी–चिंचवडमधील मेट्रोला तुलनेने सोपी वाट मिळाली. महापालिका भवन ते फुगेवाडी हा टप्पा जुन्या मुंबई–पुणे रस्त्यालगत उभा राहिला आणि ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. नाशिक फाट्यापाशी उड्डाणपूल, महामार्ग आणि कासारवाडी रेल्वे स्थानक एकमेकांना खेटून असूनही तेथे गाडी धावली. खडकीत मात्र लष्करी हद्द, रेल्वेमार्ग आणि महामार्ग एकत्र येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून गाड्या खडकीवरून जाऊ लागल्या, पण खडकी स्थानक २०२५ मध्ये उघडले. तोवर तेथील रहिवासी डोक्यावरून जाणारी मेट्रो पाहत, उतरायला मात्र पुढचे स्थानक गाठत.