प्रथिनांच्या संरचनेच्या पातळ्या

प्रथिन म्हणजे पेप्टाइड बंधांनी जोडलेल्या अमिनो आम्लांची घडी पडलेली साखळी. तिची संरचना प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक आणि चतुर्थक अशा चार पातळ्यांवर सांगतात. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. पेशीत साखळी अशा चार टप्प्यांत घडत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये मात्र चारही पातळ्या स्पष्ट दिसतात.

अमिनो आम्लांचा क्रम ही प्राथमिक संरचना. तो जनुकाने ठरतो. हीमोग्लोबिनच्या आल्फा साखळीत १४१, तर बीटा साखळीत १४६ आम्ले असतात. साखळीतील हायड्रोजन बंधांमुळे तिचे काही भाग मळसूत्रासारखे वळतात, ही द्वितीयक संरचना. हे आल्फा मळसूत्र लायनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी व हर्मन ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये मांडले. त्याच्या एका वेढ्यात सरासरी ३.६ आम्ले बसतात. द्वितीयक संरचनेचा दुसरा प्रमुख प्रकार, बीटा पत्रक, हीमोग्लोबिनमध्ये नाही. रेशमात तो भरपूर आहे. साखळीला कोणते कोन शक्य आहेत, हे दाखवणारा आलेख मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिला. आजही नव्या संरचनेची पारख त्यावर होते.

मळसूत्रे एकमेकांवर दुमडून तृतीयक संरचना तयार होते. पाणी टाळणारी आम्ले बहुतांशी आत जातात आणि एका खोबणीत लोहयुक्त हीम बसते. अशा दोन आल्फा व दोन बीटा साखळ्या एकत्र येणे ही चतुर्थक संरचना. खरे कौशल्य इथे आहे : एका हीमला ऑक्सिजन चिकटला की साखळ्यांची परस्परांतील मांडणी बदलू लागते आणि उरलेल्या हीमना तो घेणे सोपे जाते. एकाच साखळीच्या मायोग्लोबिनला हे साधत नाही. मायोग्लोबिनची संरचना जॉन केंड्रू यांनी, तर हीमोग्लोबिनची मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यासाठी दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पातळ्या एकमेकींत किती गुंतल्या आहेत, हे सिकलसेल आजारात कळते. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. साखळीची घडी जवळपास तशीच राहते. पण ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत अडकते, रेणूंचे लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार नाहीसा झाल्यामुळे हे हीमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात धनाग्राकडे हळू सरकते. इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत त्याचा पट्टा त्यामुळेच वेगळा उमटतो.