शिंगाची मूठ

अज्जांचा वस्तरा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सापडला. पात्याच्या मुळाशी ‘शेफिल्ड’ एवढंच वाचता येत होतं, बाकी गंज. मुठीच्या काळ्या पट्ट्या किडीनं खाल्लेल्या. सुतारमामांनी बघितल्याबरोबर सांगितलं, “पातं चांगलं आहे वहिनी, मूठ गेली. शिंगाला कीड लागतेच.”

शिंग! ज्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, गाळल्याशिवाय पाणी चुलीवर चढत नसे, त्या घरात अज्जा रोज सकाळी हे हातात धरत होते!

मग मी वाचायला बसले. शेफिल्ड हे इंग्लंडातलं चाकूसुऱ्यांचं गाव. 1740 च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि शेफिल्डच्या पात्यांचं नाव झालं. मुठींना मात्र शिंग, हाड, हस्तिदंत, कासवाचं कवच. म्हशीची शिंगं तर हिंदुस्थानातूनही जहाजानं जात. म्हणजे इथल्याच कुठल्या म्हशीचं शिंग साता समुद्रापार जाऊन, मूठ होऊन आमच्या सोप्यात परत आलं असेल.

मामांनी जुने खिळे घासून काढले. गंज मी रॉकेल लावून बारीक पॉलिश पेपरनं उतरवला, घाई न करता; धारेला कागद लागू दिला नाही. मामांनी शिसवाच्या दोन पातळ पट्ट्या तासल्या, शेवटाला लाकडाची पाचर दिली. ती नसली तर पट्ट्या जवळ येतात आणि मिटताना धार लाकडावर घासते. वर पितळी खिळे, तेलाचा हात. दगडावर धार लावून शेवटी चामड्याऐवजी जाड सुती पट्ट्यावर फिरवलं. कागद सरसर कापला गेला!

आत्या म्हणाल्या, “आता शोभतो आपल्या घरात. ते शिंगाचे तुकडे टाकून दे बाई.”

मी टाकले नाहीत. टाकले तर उद्या नातवंडं म्हणतील, आमच्याकडे पहिल्यापासून लाकडाचीच मूठ होती. आपले मुनी केशलोच हातानं करतात, त्यांना वस्तराच लागत नाही. आपण पडलो गृहस्थ, अणुव्रतं घेणारे. सवलत ठेवूनच व्रत पाळतो. पण सवलत कुठं घेतली, हे तरी ठाऊक असावं. अज्जांनी मूठ कशाची ते विचारलं नव्हतं. आज्जीच्या काळ्या फणीबद्दल मीही कधी विचारलं नव्हतं.

ती फणीही आता त्याच डब्यात आहे.